शह न देता मात: मॉर्फीच्या कोड्यापाशी अडलेल्या विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. त्यानंतर आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या बुद्धिबळ वर्गालाही मुली येऊ लागल्या. या प्रकरणातली विद्यार्थिनी त्यांपैकीच एक. वय ११, इयत्ता सहावी. गावाचं आणि स्पर्धेचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

मुलगी हुशार. वर्गात आली तेव्हाच मोबाइलवरची कोडी सोडवायची तिला चटक होती. राजा कोपऱ्यात, वजिराचा जी८ वर (उभी रांग जी, आडवी ओळ ८) बळी, हत्तीने तो मारायचा आणि मग घोड्याने एफ७ वरून मात, ही कोंडून केलेली मात तिला पटावर मोहरे मांडून होईपर्यंत दिसायची. ‘शह, मार, धमकी’ हा क्रम आम्ही सगळेच शिकवतो. आधी सगळे शह तपासायचे, मग मारामारीच्या चाली, मग धमक्या. या क्रमाने मोबाइलवरची बहुतेक कोडी सुटतात, कारण त्यांतली बरीचशी शहापासूनच सुरू होतात.

त्यामुळे झालं असं, की क्रमातली पहिली पायरी तिची एकमेव पायरी होऊन बसली.

हे लक्षात आलं ते वयोगटाच्या एका स्पर्धेत. तिच्याकडे राजा आणि हत्ती, समोर काळ्याचा एकटा राजा. हा डाव कोणीही जिंकावा. पण ५० चालींत कोणी काही मारलं नाही आणि प्यादंही हललं नाही, तर बरोबरी मागता येते. समोरच्या मुलाने पंचांना बोलावून ती मागितली आणि त्याला ती मिळाली. संध्याकाळी तिची स्कोअरशीट पाहिली. हत्तीच्या जवळजवळ प्रत्येक चालीपुढे अधिकचं, म्हणजे शहाचं चिन्ह होतं. शह, पुन्हा शह, पुन्हा शह.

त्यात एका जागी डाव अक्षरशः दोन चालींवर आला होता. पांढरा राजा बी६, हत्ती डी१, काळा राजा सी८, चाल पांढऱ्याची. काळ्या राजाला जायला एकच घर उरलं होतं, बी८. हत्ती डी रांगेतच एक घर पुढे, डी२ वर सरकवला असता तर काळ्याला बी८ वर जावंच लागलं असतं आणि डी८ वर मात होती. तिने खेळली सी१ वरून शहाची चाल. हत्तीने डी रांग सोडली, काळा राजा डी७ वरून बाहेर पडला आणि पुन्हा हाती लागला नाही.

अडचण

वर्गात मी तिला ती डी२ ची चाल दाखवली. तिने मान डोलावली. पुढच्या वेळी तीच स्थिती जरा फिरवून मांडली, तर हात पुन्हा शहाकडेच गेला. म्हणजे दाखवलेलं कळत होतं, पण तिच्या शोधण्याच्या पद्धतीत ते उतरत नव्हतं.

अडचण हत्तीच्या डावाची नव्हतीच. तिच्या मनात अटळ मात म्हणजे शहांची साखळी असं समीकरण पक्कं झालं होतं. समोरच्याला पर्याय राहू नयेत म्हणून आपण शह देतो. शह हे त्याचं साधन आहे. पर्याय दुसऱ्या कशाने संपत असतील तर शहाची गरजच उरत नाही. हे तिला ऐकवून उपयोग नव्हता, तिला ते स्वतःला सापडायला हवं होतं. त्यासाठी अशी स्थिती हवी होती जिथे शह दिला तर नुकसान होतं आणि शांत चाल हेच एकमेव उत्तर आहे. शिवाय मोहरे थोडे हवेत, म्हणजे हिशेब डोक्यात मावेल.

अशी एक स्थिती जुनी आणि प्रसिद्ध आहे. न्यू ऑर्लीन्सचा अमेरिकी बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी याच्या नावावरचं हे कोडं १८५६ साली छापून आलं, तेव्हा मॉर्फी १९ वर्षांचा व्हायचा होता किंवा नुकताच झाला होता. पटावर सगळे मिळून सात मोहरे. पांढऱ्याचा राजा सी८, हत्ती ए१, प्यादं बी६. काळ्याचा राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७. पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. वाचताना शेजारी पट मांडून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल.

तिने काय काय करून पाहिलं

पहिली चाल अपेक्षेप्रमाणे हत्तीने ए७ मारून शह. पटावर पांढऱ्याला असलेला हा एकच शह. काळ्या उंटाने हत्ती मारला. मग तिने प्याद्याने उंट मारला, काळ्या राजाने ते प्यादं मारलं. आता पांढऱ्याकडे नुसता राजा आणि काळ्याकडे राजा अन् बी७ चं प्यादं. मी म्हटलं, “खेळ पुढे.” तिचा राजा सी७ वर आला, काळं प्यादं बी५ वर गेलं. तिचा राजा त्याच्या मागे धावत राहिला आणि प्यादं बी१ वर पोचून वजीर झालं. ज्या शहाने मात होणार होती त्याच शहाने डाव हरला. ती बराच वेळ त्या नव्या वजिराकडे बघत बसली.

मग प्याद्याने ए७ मारून पाहिलं. काळ्या उंटाने ते प्यादं मारलं आणि पुढच्या चालीत मात नाही, हे तिला स्वतःलाच दिसलं.

तिसऱ्या खेपेला तिने हत्ती ए५ वर नेला. का, विचारलं तर म्हणाली, “जवळ आला की बरं, सर.” मी काळ्याकडून ए७ चं प्यादं ए६ वर ढकललं. तिने झटक्यात हत्तीने ते मारून शह दिला, मी उंट ए७ वर मध्ये घातला आणि तिने हत्तीने उंट मारला. मात.  तिने हत्तीने उंट मारला.  पहिल्याच चालीला उंट हलवला, तर हत्तीने ए७ मारून लगेच मात.

“सर, तीनमध्ये होते!”

पण तिचं बरोबर नव्हतं. हत्तीच्या शहाला मी बी प्याद्याने हत्ती मारला असता, तर बी७ वर प्याद्याने शह दिल्यावरही काळा राजा रिकाम्या झालेल्या ए७ वर निसटला असता.

समोर असलेले पर्याय

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे होता. समोर चार वाटा होत्या.

तीन चालींच्या उत्तरातली चूक न दाखवता पुढे जाता आलं असतं.  मुलीचा चेहरा फुलला होता, त्यावर पाणी टाकणं जिवावर येत होतं. पण उत्तर चुकीचं होतं, आणि ए५ वर हत्ती नेल्यावर तिच्यापुढचा काळा का मेला, हेही तिला सांगता येत नव्हतं. “उंट हलला म्हणून,” एवढंच ती म्हणाली. उंट हललाच का, याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. शांत चाल तिच्या हातून होऊन गेली होती, तिने ती शोधलेली नव्हती.

‘पहिली चाल शहाची नाही’ अशी सूचना देता आली असती. बरेच प्रशिक्षक हे करतात आणि वेळ कमी असेल तर त्यात गैर काही नाही. मात्र अशी सूचना मिळाली की मूल शांत चाली एकामागून एक करून बघतं आणि कधीतरी बरोबर चालीला पोचतं. उत्तर मिळतं, पण शोधायची पद्धत जुनीच राहते. आणि डावात खेळताना कानात सूचना द्यायला कोणी नसतं.

उत्तर दाखवून समजावून सांगणं ही तिसरी वाट. डी२ च्या चालीच्या वेळी ते करून झालंच होतं.

ही वाट बाहेरूनही चालून आली. तिचे वडील तिला न्यायला आले होते. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलवर स्थिती मांडली आणि इंजिनने, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामने, क्षणात उत्तर दिलं. ते कौतुकाने स्क्रीन तिच्यापुढे धरणार, तेवढ्यात मी म्हटलं, “दादा, आज मोबाइल खिशात राहू द्या. अडली आहे ती बरोबर जागी अडली आहे.” त्यांना ते फारसं रुचलं नाही. मुलगी रडवेली झालेली बापाला बघवत नाही, हे मलाही कळत होतं. तरी त्यांनी ऐकलं, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

चौथी वाट पट फिरवण्याची. तिला काळ्याच्या बाजूने बसवायचं आणि काळ्याला काय काय खेळता येतं, एवढंच विचारायचं. मी ही निवडली.

काय केलं

स्थिती मूळ जागी आणली आणि पट अर्ध्यातून फिरवला. “आता तू काळा. समज, पांढऱ्याने चाल केलीच नाही आणि पाळी तुझी आली. तुला कायद्याने करता येतील अशा सगळ्या चाली वहीत लिही. चांगली-वाईट बघू नकोस, फक्त लिही.”

तिने पहिलं लिहिलं, ए७ च्या प्याद्याने बी६ मारणं. हे बहुतेक सगळेच लिहितात. मी काही बोललो नाही. तिने प्यादं उचललं, बी६ वर ठेवलं आणि ए रांगेवरून खालपर्यंत बोट नेलं. थेट ए१ च्या हत्तीपाशी. “सर, हे नाही चालत. राजा उघडा पडतो.” प्यादं पिन झालेलं आहे, म्हणजे हललं तर मागचा राजा उघडा पडतो, हे तोवर तिच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण तोवर तिने काळ्याच्या डोळ्यांनी पट पाहिलाच नव्हता. वहीतली ती ओळ तिने खोडली.

बी७ चं प्यादं पुढे जाऊ शकत नाही, बी६ वर पांढरं प्यादं उभं आहे. राजाला एकही घर नाही. ए७ च्या बाजूला त्याचं स्वतःचं प्यादं, बी८ वर स्वतःचा उंट, बी७ वर स्वतःचं प्यादं. उरलं काय? उंटाच्या सहा चाली, सी७ पासून एच२ पर्यंत. आणि ए७ च्या प्याद्याच्या दोन, ए६ आणि ए५. एकूण आठ.

“आता यांतल्या कोणत्या चालीवर तू लगेच मरतेस?”

तिने उंट एकेका घरावर ठेवून पाहिला. प्रत्येक वेळी हत्ती ए७ वर येऊन मात. हत्तीला बी६ च्या प्याद्याचा जोर, बी८ वर पांढऱ्या राजाची नजर, आणि उंट त्या तिरप्या रेषेवर कुठेही गेला तरी एका चालीत ए७ वर परतू शकत नाही. सहाही चालींपुढे तिने फुली मारली. उरल्या ए६ आणि ए५.

इथे ती थांबली आणि वहीकडे बघत राहिली. मी गप्प बसलो. शिकवणाऱ्याला ही शांतता फार जड जाते, पण या वेळी तोंड उघडलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं.

“म्हणजे काळा फक्त या प्याद्यामुळे वाचतोय.”

“मग?”

“त्याला हलूच द्यायचं नाही.” बोट ए६ वर. “इथे काहीतरी ठेवायचं.” मग लगेच, “पण हत्ती ठेवला तर बी प्यादं त्याला मारेल.”

“मारेल. मग?”

तिने स्वतःच बी७ चं प्यादं ए६ वर नेलं, हत्ती उचलून बाजूला ठेवला, बी६ चं पांढरं प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि हात तोंडावर ठेवला.

पहिली चाल हत्ती ए६. आता काळ्याला कायदेशीर चाली सात. बी प्याद्याने हत्ती मारला, तर बी७ वर प्याद्याने मात. उंट सहापैकी कुठेही गेला, तर ए७ वर हत्तीने मात. ए७ चं प्यादं पुढे जाऊ शकत नाही आणि पिन असल्यामुळे बी६ मारूही शकत नाही. काळ्यावर धमकी कसलीच नाही. त्याची पाळी सोडून देता आली असती तर त्याला काहीही झालं नसतं. चाल करावीच लागते म्हणून तो मरतो. बुद्धिबळात याला झुगझ्वांग म्हणतात.

तिच्या तीन चालींच्या उत्तरातही हत्ती ए६ वर गेला होता.  दुसऱ्या चालीला ए६ वर जाताना शह होता म्हणून ते घर तिला डोळ्यांची पापणी लवायच्या आत दिसलं. पहिल्या चालीला तिथेच जायचं होतं, पण शह नव्हता, म्हणून ते घर तिच्यासाठी पटावर नव्हतंच. हे तिला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “पण हे तर मी खेळले होते!” मला वाटतं, खरा धडा त्या वाक्यातच तिला मिळाला.

समजलं की पाठ झालं, हे तपासणं

ए६ ची चाल आता तिच्या लक्षात राहणारच होती. म्हणून स्थितीत एकच बदल केला. एच७ वर काळं प्यादं ठेवलं आणि विचारलं, आता दोनमध्ये होते का?

“इतक्या लांबच्या प्याद्याने काय फरक पडतो?” असं म्हणत तिने हत्ती ए६ वर ठेवला. मी एच७ चं प्यादं एच५ वर नेलं. ती मात शोधू लागली. हत्तीने ए७ मारावं तर उंट हत्ती मारतो. दुसरं काहीच नाही. थोड्या वेळाने तिने मान वर केली. “काळ्याला फुकटची चाल मिळाली.”

यानंतर तिने जे केलं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. डब्यातून एक पांढरं प्यादं काढून एच६ वर ठेवलं, काळं प्यादं परत एच७ वर आणलं आणि म्हणाली, “आता होते.” खरंच होते. एच७ चं प्यादं अडलं, फुकटची चाल गेली आणि ए६ पुन्हा जिंकू लागली. पटाच्या दुसऱ्या टोकाचं एक प्यादं मात ठरवतं आणि ते अडवलं की मात परत येते, हे तिने स्वतः रचून दाखवलं. माझ्या लेखी कोडं खऱ्या अर्थाने या क्षणी सुटलं.

निष्पत्ती

पुढच्या एका स्पर्धेत तिच्यापुढे पुन्हा राजा आणि हत्तीचा डाव आला. मी लांबून बघत होतो. काळा राजा शेवटच्या ओळीत अडकला होता. तिने हत्तीकडे हात नेला, परत घेतला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि हत्ती त्याच रांगेत एक घर सरकवला. दोन मिनिटांत डाव संपला. स्कोअरशीटवर अधिकची चिन्हं मोजकीच होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मोबाइलवरच्या घड्याळी कोड्यांतला तिचा वेग उतरला, कारण सरळ शहाने सुटणाऱ्या स्थितीतही ती आधी समोरच्याच्या चाली मोजत बसू लागली. वडिलांनी काळजीने विचारलं, “सर, ही मागे तर पडत नाही ना?” मी त्यांना सांगितलं की काही काळ हे असंच राहील. तरी त्यांची शंका रास्त होती. जलद डावात दरवेळी सात-आठ चाली मोजायला वेळ नसतो. एका डावात ती याच मोजणीपायी घड्याळातला वेळ संपून हरली. आता आम्ही असं ठरवलंय: शहांची साखळी लगेच लागत असेल तर ती खेळायची. पहिले दोन शह तपासूनही राजा निसटत असेल, तर थांबायचं आणि पट मनात फिरवायचा.

वेगळं काय करता येईल

हे कोडं मी तिच्यापुढे एकदम ठेवलं. त्याआधी राजा-हत्तीच्या डावातल्या नुसत्या वाट पाहण्याच्या चालींची आठ-दहा उदाहरणं काळ्याच्या बाजूने मोजून घेतली असती, तर ती ए६ पर्यंत लवकर पोचली असती. मात्र तीन चालींच्या चुकीच्या उत्तरापर्यंत स्वतः जाण्याचा आणि मग ते पुन्हा उलगडण्याचा अनुभव तिला मिळाला नसता. मुलाचा धीर किती टिकतो ते बघून हे ठरवावं. ज्याला पटकन रडू येतं त्याच्यासाठी आधीची उदाहरणं बरी.

पट फिरवण्याची पायरी मात्र मी आता पहिल्या चुकीच्या शहानंतरच आणतो, तिसऱ्या प्रयत्नापर्यंत थांबत नाही. प्यादं वजीर होताना बघणं एकदा पुरेसं असतं.

एच७ च्या प्याद्याचा प्रश्न मी सगळ्याच कोड्यांना जोडायला लागलोय. कोडं सुटलं की विचारायचं, पटावर कुठे एक प्यादं ठेवलं तर हे उत्तर मोडेल? या प्रश्नाला इंजिन लावून उत्तर शोधता येत नाही, निदान मुलांना तरी नाही. त्यामुळे घरी द्यायला हा उत्तम गृहपाठ आहे.

आणि पालकांशी आधीच बोलून घ्यायला हवं. त्या दिवशी वडिलांना ऐनवेळी थांबवावं लागलं, त्यापेक्षा सुरुवातीलाच त्यांना पटापाशी बसवून काळ्याच्या चाली लिहायला लावल्या असत्या तर बरं झालं असतं. परवा तसंच केलं. दुसऱ्या एका मुलाच्या आईला काळ्याच्या बाजूला बसवलं. त्यांनीही पहिली ओळ लिहिली ती ए७ च्या प्याद्याने बी६ मारण्याचीच, आणि ती खोडायला मुलाने त्यांच्या हातातलं पेन घेतलं.